धवलीचा पाय आणि कवडीची अंडी

फार मागे सगुणा कोळणीच्या अंगणात धवली बदक आणि कवडी कोंबडी राहत. एकदा दगडांत अडकून धवलीचा पाय मुरगळला. सगुणाने तो चिंधीने बांधून तिला गवतावर बसवलं. पण धवली सारखी तळ्याकडे निघायची आणि कळवळून पडायची.

कवडीला ते बघवेना. ही सांगून ऐकणार नाही, हे तिने ओळखलं. काळजावर दगड ठेवून ती आपल्या अंड्यांवरून उठली.

“धवलीताई, ही तुम्ही उबवा. उठलात तर गार पडतील.”

धवली बसली ती बसलीच. तळ्यातली बदकं हाका मारून थकली.

आठवड्याने सगुणाने चिंधी सोडली. पाय बरा झाला होता.

“जा आता पाण्यात,” कवडी म्हणाली.

“हळू बोल,” धवली पुटपुटली, “आतून टकटक ऐकू येतेय.”