साळिंदराचे रंगघर

फार पूर्वी एका साळिंदराने टेकडीच्या पोटात रंगघर कोरले. छत त्याच्याच उंचीचे होते आणि प्रेक्षक येत ते त्याच्या काट्यांचा खुळखुळाट ऐकायला.

माळावर गाजलेला सारस तेथे नाचायला आला. छत बुटके म्हणून त्याने उड्या गाळल्या आणि मान दुमडली. बाकी नाच तोच ठेवला. प्रेक्षक उठून गेल्याने दोन खेळ रिकामे गेले. तिसराही गेला तर आम्ही निघू, असे साथीच्या टिटव्यांनी बजावले.

"ससुलीताई, आज तरी थांबा," सारस पिलांना घेऊन खेळाला येणाऱ्या सशिणीला म्हणाला.

"अहो, तुमचा नाच आम्ही माळावर पाहिलाय, तोही अख्खा. इथे येतो ते साळिंदरदादांसाठी."

सारसाने साळिंदराला विचारले, "दादा, छत थोडे उंच कराल?"

"मग माझा खुळखुळाट घुमणार नाही. मी खेळ आधी रचला आणि घर त्याच्या मापाने कोरले."

तिसऱ्या खेळाला सारस उभा राहिलाच नाही. तो जमिनीवर बसला आणि बसूनच करता येईल असा पंखांचा नवा नाच त्याने सुरू केला. बरेच प्रेक्षक तरीही निघून गेले. ससुली मात्र दारात थबकली आणि तिने पिलांना खाली बसायला सांगितले. ते पाहून टिटव्यांनी ताल धरला.