मेंढीच्या दुधावर वाढलेला लोकऱ्या

एका उघड्या माळावर धनगरांचा तळ पडला होता. त्यातल्या एका घरच्या थोरल्या सुनेचा मेंढरांवर पोटच्या पोरांइतका जीव. त्या वर्षी लांडग्याशी झुंजताना त्यांची राखणीची कुत्री मेली आणि मागे दोन पिल्लं उरली. डोळेसुद्धा उघडले नव्हते बिचाऱ्यांचे. दोन्ही काळीकुट्ट, दोघांच्याही कपाळावर पांढरा ठिपका.

सासरा म्हणाला, "एक पिल्लू सून वाढवंल, एक धाकला लेक. पाऊस सरला की चराईला निघायचं. जे धीट निघंल ते कळपासंगं येईल. दुसरं गावात सोडून द्यायचं."

पिल्लू अंधारात कोंडलं की तापट निघतं, अशी धाकट्या दिराची पक्की समजूत. त्याने आपलं पिल्लू कोंबड्यांच्या डाल्याखाली झाकलं. येता-जाता तो डाल्यावर काठी आपटायचा आणि आतून गुरगुर आली की मिशीत हसायचा. नावही झोकात ठेवलं, अंगार.

थोरल्या सुनेने मात्र माहेरची रीत धरली. नुकत्याच व्यालेल्या मेंढीला तिने पिल्लू लावलं. मेंढीने आधी लाथा झाडल्या, मग चुचकारल्यावर पान्हा सोडला. पिल्लू कोकरांच्या कुशीत झोपू लागलं. पोरांनी त्याचे कान ओढले, घोडा त्याच्या कानाशी फुरफुरला, विजा कडाडल्या. दर वेळी ती त्याच्याजवळ बसून म्हणायची, "काय न्हाय रं, भिऊ नगं."

दिराला हसू आवरेना. "वयनी, कुत्रं पाळलंय का कोकरू? ह्याचं नाव लोकऱ्याच ठेवा!"

नाव चिकटलंच. सुनेला ते फार झोंबलं. लोकऱ्या तर कुणावर साधं गुरगुरायचाही नाही, परक्यापुढेही शेपूट हलवायचा. याला गावात सोडावं लागेल, ही धास्ती तिला लागून राहिली. पण ती एवढंच म्हणायची, "येळ येऊ द्या, भावजी."

पाऊस सरला. एका दुपारी ओढ्याकाठी मेंढरं चरत होती आणि गवतातून लांडगा उठला. तो थेट कोकरांवर निघाला.

"छू, अंगार!" दिराने साखळी सोडली.

अंगार थरथरत गोल फिरला, समोर आला तो मालकाचाच हात कडकडून चावला आणि तळाकडे पळत सुटला. तळावर पोचताच तो आपल्या डाल्याखाली शिरला.

लोकऱ्या भुंकला नाही. कोकरं आणि लांडगा यांच्यामध्ये जाऊन तो उभा राहिला. लांडग्याने झेप घातली, त्याचा कान फाडला, पण लोकऱ्या तसूभर हलला नाही. लांडगा डावीकडून आला की हा डावीकडे, उजवीकडून आला की उजवीकडे. तेवढ्यात सगळे काठ्या घेऊन धावले आणि लांडगा पळाला. लोकऱ्या मात्र त्याच्या मागे गेला नाही. तो रक्ताळल्या कानाने एकेका कोकराला हुंगत फिरला. सगळी होती.

सुनेचा ऊर भरून आला. "ही माझ्या म्हायेरची रीत हाय!" ती ओरडली. डोळ्यांत पाणी होतं आणि मान ताठ होती.

सासऱ्याने डोईचं पागोटं फाडून लोकऱ्याचा कान बांधला. "तुझ्या बापाला सांगावा धाडतो, पोरी," तो म्हणाला. "म्हनावं, सून न्हाय, आमच्या कळपाचं नशीब धाडलंस."

दीर तळावर परतला तो तणतणत. त्याने डालं उलथून अंगारवर काठी उगारली. सुनेने ती वरच्यावर धरली.

"त्याला का मारता? एकाच आईची लेकरं ही. लोकऱ्यानं मेंढरं बघितली, ह्यानं डालं बघितलं. ज्याला जे आपलं वाटलं, त्याच्याकडंच गेलं."

दिराने काठी खाली टाकली. चावलेल्या हाताकडे पाहत तो अंगारजवळ बसला. जरा वेळाने त्याने दुसरा हात पुढे केला. अंगारने तो हुंगायला संध्याकाळ केली.

चराईला कळप निघाला तेव्हा लोकऱ्या सर्वांत पुढे होता. गावात कुणालाच सोडलं नाही. अंगार दिराच्या पायांत घुटमळत चालला. राखणदार तो कधीच झाला नाही, पण चावायचा थांबला. आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या तळावरून नवी पिल्लं आणली, तेव्हा डालं कोंबड्यांना देऊन दिरानेच ती मेंढीच्या कुशीत ठेवली.

"भावजी, कुत्री पाळताय का कोकरं?" सुनेने विचारलं.

"म्हायेरची रीत हाय आमच्या वयनीची," तो छाती फुगवून म्हणाला.

तात्पर्य: भीती दाखवून कुणी धीट होत नाही. लहानपणी ज्यांच्या उबेत जीव वाढतो, मोठेपणी त्यांच्यासाठीच तो छातीचा कोट करतो.