बेचाळीसमधून सतरा

"मग मारू नको तर काय करू, आक्का? ओवाळू तिला?"

सुहास डुबलांचा आवाज मठाच्या ओसरीभर घुमला. डुबल म्हणजे इंजिनियर माणूस. गेली दहा वर्षं दर गुरुवारी आक्कांच्या पायाशी येऊन बसणारे, आणि बसताना पहिली रांग न सोडणारे.

आज गुरुवार नव्हता. आज ते लेकीला घेऊन आले होते. जुई, वय वर्षं आठ, तिसरीत. ती खांबाला टेकून उभी होती आणि तिच्या गालावर चार बोटं उठलेली होती. ती बोटं दिसली तेव्हा मी हातातलं जुन्या कागदांचं दप्तर जरा जोरातच खाली आपटलं.

मठात जुनी मोडी दप्तरं आहेत. आक्का ती वाचतात, आणि येईल त्याला मोडी शिकवतात. मी त्यासाठीच तिथे जातो.

डुबलांनी गणिताची वही आक्कांपुढे धरली.

"ऑफिसातून आलो की रोज दोन तास हिला घेऊन बसतो. दोन तास! कुठला बाप बसतो सांगा. आणि हे बघा. बेचाळीसमधून सतरा गेले, उरले पस्तीस! काल पस्तीस, आज पस्तीस. शाळेत बाईंनी बोलावून मला विचारलं, घरी कुणी लक्ष देत नाही का? मला!"

म्हणजे झोंबला होता तो हा अपमान. पोरीच्या गालाचं काही नव्हतं.

"सोमवारी हिला निवासी शाळेत टाकतोय. सरळ करतील तिथे. तुम्ही फक्त अंगारा लावा आणि आशीर्वाद द्या."

जुईने खांब दोन्ही हातांनी घट्ट धरला.

आक्कांनी चष्मा चढवला. वही पाहिली. बराच वेळ पाहिली...

"पस्तीस कसे आले?"

"चुकून."

"चुकून छत्तीस का नाही आले?"

डुबल वहीत डोकावले.

"विचारलंस तिला?"

"त्यात विचारायचं काय, आक्का? उत्तर चूक आहे."

आक्का जुईकडे वळल्या. "तू सांग गं बाळ. कसे आले?"

जुईने आधी बापाकडे पाहिलं. मग पुटपुटली, "दोनातून सात जात नाहीत."

"बरोबर आहे. नाहीच जात."

"पण जात नाहीत म्हटलं की बाबा मारतात. म्हणून मी सातातून दोन काढले. ते जातात."

आठ वर्षांच्या पोरीने मार चुकवायला गणित उलटं केलं होतं, आणि रोज दोन तास शेजारी बसणाऱ्या इंजिनियरला त्याचा पत्ता नव्हता. माझं डोकं सणकलं. अजूनही आठवलं की सणकतं.

डुबलांना मात्र जोरच चढला. "ऐकलंत? हातचा घ्यायचा, हातचा घ्यायचा, पन्नास वेळा सांगितलंय! तिच्या वयात मला एकदा सांगितलं की यायचं. दुसऱ्यांदा सांगावं लागत नव्हतं."

"असं?"

आक्कांनी माझ्यासमोरच्या दप्तरातून एक कागद ओढला आणि त्यांच्यापुढे टाकला.

"वाच."

"ही तर मोडी. मला मोडी कुठे येते?"

"गेल्या गुरुवारी फळ्यावर काढून दाखवली सगळ्यांना. तू पहिल्या रांगेत होतास. वाच."

डुबल कागदावर वाकले. "हा... हा म."

आक्कांची काठी फरशीवर आपटली. "चूक! पुढे."

"ग?"

काठी. "चूक! दहा वर्षं घेऊन बसते तुला. लाज नाही वाटत?"

आक्कांचा असला आवाज मी कधी ऐकला नव्हता. डुबलांचे कान लाल झाले. "स... नाही, भ... र..." आता ते कागदाकडे बघतही नव्हते. काठीकडे बघत होते आणि तोंडाला येईल ते अक्षर सांगत होते.

"चूक! चूक! चूक!"

डुबलांनी कागद भिरकावला.

"एकदा फळ्यावर दाखवलं म्हणजे येतं का कुणाला? आणि हा काय प्रकार आहे, आक्का? लेकीसमोर?"

आक्कांनी काठी खाली ठेवली.

खांबाजवळून जुई आली. तिने कागद उचलला, सरळ केला आणि बापाच्या शेजारी मांडी घालून बसली.

"बाबा, तुम्हाला हा म का वाटला?"

डुबल तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"इथे... डावीकडे गाठ आहे ना. म्हणून."

जुईने वाकून पाहिलं. "हो की. आहे गाठ."

डुबलांनी तोंड दुसरीकडे वळवलं. त्यांचे खांदे हलत होते. माझा राग गेला नव्हता, पण त्यांच्याकडे बघवेना.

"आक्का," ते शेवटी म्हणाले, "ते सोमवारचं..."

आक्कांनी ऐकलंच नाही. त्यांनी जुईला जवळ ओढलं.

"बाळ, रोज संध्याकाळी याला घेऊन बसत जा. मारू मात्र नकोस."