महाराजांची पाठ

कडेगिरी संस्थानात महाराजांकडे पाठ करायची नाही, हा नियम मोटारी येण्याच्या फार आधीचा होता. दरबारातून निघणारा माणूस मुजरा करत उलट्या पावलांनी दारापर्यंत जायचा. उंबऱ्याला अडखळून कितीजण पडले होते, पण पाठ कुणी दाखवली नव्हती.

थोरल्या महाराजांनी विलायतेहून लांबडी मागवली तेव्हाही काही अडलं नाही. लांबडी म्हणजे चाकांवरचा दिवाणखाना. तिच्यात शोफर पुढे आणि महाराज मागे, मधे काचेची भिंत आणि काचेवर मखमली पडदा. शोफरची पाठ पडद्याआड गेली की नियम शाबूत राहायचा. काही सांगायचं झालं तर बोलायला एक नळी होती. महाराज मागून नळीत म्हणायचे "हळू", आणि लांबडी आधीच हळू चाललेली असायची.

घोळ घातला तो नव्या महाराजांच्या नव्या गाडीने. मुंबईहून आणलेली ही गाडी बुटकी, गुळगुळीत, वाऱ्यासारखी पळणारी. आतली गादी लांबडीपेक्षा मऊ, पण मधे काच नाही, पडदा नाही, नळी नाही. पहिल्याच फेरीला दिवाणसाहेब महाराजांशेजारी बसले आणि सबंध वाटभर हैबती शोफरची रुंद पाठ बघत आले. उतरल्या उतरल्या त्यांनी संस्थानाची अब्रू गेल्याचं जाहीर केलं.

महाराज हट्टी होते. नवी गाडी सोडणार नाही म्हणाले. नियम मोडणार नाही म्हणाले. पडदा लावू म्हटलं, तर समोरचा रस्ता दिसणार नाही म्हणून तोही नको. शेवटी हुकूम निघाला. दसऱ्याला सीमोल्लंघनाला नवीच गाडी जाईल आणि हैबती ती महाराजांकडे पाठ न करता चालवेल. जमलं नाही तर नोकरी गेली, आणि मोटारखान्यामागची राहती खोलीही गेली.

दिवाणसाहेबांनी तोडगा काढला. गाडी उलटी चालवायची! मागे बघून चालवताना शोफरचं तोंड आपोआप महाराजांकडे होतं. तालीम झाली. गाडी पाठमोरी निघाली, झेंडूच्या वाफ्यातून गेली आणि नगारखान्याच्या मोठ्या नगाऱ्यात शिरली. दिवाणसाहेबांचं म्हणणं पडलं की दोष हैबतीच्या मानेचा आहे, पुरेशी वळत नाही.

हैबतीची मुलगी केसर हे सगळं बघत होती. मोटारखान्यात लहानाची मोठी झालेली पोर. गाड्या धुवायला बाहेर काढायच्या आणि परत आत लावायच्या, हे काम बापाने केव्हाच तिच्यावर सोपवलं होतं. हैबती भांडी गोणपाटात बांधायला लागला, तशी ती पदर खोचून थेट दरबारात गेली. बाप मागून नको नको म्हणत राहिला. मोठ्या माणसांचं हे एक असतंच, संकटापेक्षा बोलायची भीती जास्त.

मुजरा करून तिने विचारलं, "महाराज, पाठ कुणी कुणाला दाखवायची नाही?"

"रयतेनं आम्हाला."

"आणि तुम्ही रयतेला?"

"आम्ही दाखवू की. आम्हाला कोण विचारतंय?"

"मग सोपं आहे. माझ्या आबांना मागं बसवा. सगळ्या वाटेत तुमच्याकडे तोंड करून, हात जोडून बसतील."

दिवाणसाहेबांचं पागोटं थरथरलं. शोफर मागे, आणि महाराज शोफरच्या जागेवर?

"ती जागा शोफरची लांबडीत," केसर म्हणाली. "लांबडी मिरवायची गाडी. तिच्यात राजा मागं बसतो, लोकांनी बघावं म्हणून. ही पळवायची गाडी आहे. हिच्यात राजाची गादी मागं नाहीच, हातातल्या चाकापाशी आहे. ज्यानं बनवली त्यानं राजाला पुढं बसवलंय, आणि आपण त्याला उचलून मागं टाकतोय."

"पोरी, लोक मागे बसणाऱ्याला मुजरा करतील," दिवाणसाहेब कडाडले. "एका शोफरला!"

"मुजरा करताना मान खाली असते, दिवाणसाहेब. कोण कुठं बसलंय ते दिसतं कुणाला?"

महाराजांच्या मिशा हलल्या, पण हट्ट अजून सुटला नव्हता. "आम्हाला गाडी चालवता येते, हे तुला कुणी सांगितलं?"

केसरने अगदी गरीब चेहरा केला. "कुणी नाही, महाराज. पण दुपारी सगळे झोपले की मोटारखान्यातून आवाज येतो. गाडी बंद असते, तरी आतून कुणीतरी तोंडानं भुर्रर्र करतं. गेअर बदलल्याचासुद्धा आवाज काढतं. आणि अगदी बरोबर जागी काढतं."

महाराज असे हसले की त्यांच्या तुऱ्यातला मोती निखळून दिवाणसाहेबांच्या मांडीवर पडला.

हसू आवरल्यावर त्यांनी हुकूम फिरवला. हैबतीची नोकरी कायम, खोली कायम, आणि दसऱ्याला त्याची जागा महाराजांच्या मागे. केसरला काय हवं, विचारलं.

"नवी गाडी पुढं गेली की लांबडी तिच्यामागं हवीच. पुढं ठेवली तर ती तुम्हाला पाठ दाखवेल. तिच्यात दिवाणसाहेब बसतील, शोभतील. आबा तर तुमच्याकडं असणार, मग लांबडी मी चालवते."

"दिली," महाराज म्हणाले. "आजपासून लांबडी तुझ्या ताब्यात."

दिवाणसाहेबांनी तोंड उघडलं. एका पोरीची पाठ बघत त्यांनी सीमोल्लंघनाला जायचं?

"छे, पाठ कशाला दिसेल?" केसर म्हणाली. "पडदा आहे ना. आणि 'हळू' म्हणावंसं वाटलं तर नळी आहे. तेवढी नळीला आतून चिंधी कोंबलेली आहे. थोरल्या महाराजांच्या वेळेपासून. आबांनीच कोंबली होती."

महाराज पुन्हा हसायला लागले, आणि या वेळी त्यांना सावरायला कुणालाच पुढे होता आलं नाही, कारण सगळा दरबार हसत होता.