येसाबाईचा फेरा

कोंढूरला तेव्हा ना सडक होती ना दवाखाना. फार जुनी गोष्ट, माझ्या आज्यानं त्याच्या आज्याकडून ऐकलेली. तेव्हा गावात येसाबाई होती. बाळंतिणीला आणि लेकराला न्हाऊमाखू घालायची. पाठीवर तेलाचा हात फिरवला की सांगायची, हे अमक्या दिवशी पालथं पडेल, अमक्या दिवशी रांगेल. असं म्हणतात, तिचा दिवस कधी चुकला नाही.

तर पाटलांच्या गजराबाईंची तीन लेकरं पाळण्यातच गेली. चौथं झालं तेव्हा जाणत्या म्हाताऱ्यांनी अक्कल पाजळली: "वर्षाचा होईस्तोवर ह्याला हाक मारू नका, ह्याच्याशी बोलू नका. मरणाला ह्याचा पत्ता लागता कामा नये." भीती वाईट असते बघा. सगळ्या वाड्यानं तोंड शिवलं. लेकराला वेगळ्या गाईचं दूध, मऊ दुपटी, दिवसरात्र राखण. कशाची म्हणून कमी नव्हती.

पण सात महिने झाले तरी पोर मान धरीना. हसणं तर नाहीच, पुढं पुढं रडायचंही थांबलं. वैद्य हात टेकून गेला, तेव्हा येसाबाईला बोलावलं. तिनं पाठीवर हात फिरवला आणि पहिल्यांदाच तिला दिवस सांगता येईना.

"पाटलीणबाई," ती म्हणाली, "पोट भरलंय ह्याचं, पण लेकरू उपाशी आहे. बोला त्याच्याशी."

"आणि दृष्ट लागली तर? हा गेला तर मी जगायची नाही, येसाकाकू."

"लागली तर मला लागू दे. तुम्ही बोला."

आईला शब्द सुचेना. सात महिन्यांचं मुकेपण एकदम कसं सुटणार? येसाबाई म्हणाली, "आज काय रांधलं, तेवढं तर सांगा."

"आज... आज आमटी केलीय रे, राजा. आणि भात."

पोरानं मान वळवून आईकडं पाहिलं.

मग येसाबाईनं त्याला कडेवर घेतलं आणि घरोघर फिरवलं. ज्यानं त्यानं काय शिजवलं ते सांगायचं. असं म्हणतात, कुंभाराच्या दारात पोर हसलं, तेल्याच्या ओट्यावर बसलं, साळ्याच्या अंगणात रांगलं आणि परत वाड्यात आलं ते स्वतःच्या पायांनी. तुम्ही म्हणाल, म्हातारा फेकतोय. माझा आजा म्हणायचा, फेरा रोज निघायचा, चांगला वर्षभर. पण गोष्टीत एकच दुपार मावते.

अजूनही कोंढुरात सव्वा महिन्याचं लेकरू दारोदार नेतात. कुलूप लावलेल्या घरापुढंही थांबतात. शेजारी सांगतो, "हे तुझे जगूतात्या, पुण्याला असतात."

माझ्या लहानपणी पावसाळ्यात दर आठवड्याला फेरा असायचा. गेल्या साली गावात एकच लेकरू झालं. आम्ही सगळे म्हातारे सकाळीच अंघोळी उरकून दारात बसलो. आमच्याशी तरी कोण बोलतं हो आताशा? लेकरू माझ्या दारी आलं तेव्हा मी त्याला चार भाज्या सांगितल्या, पुरण सांगितलं, कटाची आमटी सांगितली. घरात होती कालची भाकरी. पण तेवढंच ते दारात जास्त थांबलं.