मागे सरका, काकू!

उडुपीच्या देवळात कृष्णाचं दर्शन दारातून नाही, खिडकीतून घ्यायचं. वेंगुर्ल्याच्या मनोरमाकाकू तासभर रांगेत ताटकळल्या होत्या. खिडकी हाताशी आली आणि दर्शन बंद व्हायची वेळही झाली. तेवढ्यात त्यांच्याच बसमधले दौलतराव चेअरमन, उघड्या अंगावर सोन्याचा गोफ मिरवत, सगळं गणगोत घेऊन पुढे घुसले.

"काकू, मागे सरका! माणूस ओळखत जा."

काकूंच्या मनात आलं, एवढी वरात पुढे गेली तर आपल्याला दर्शन कुठलं? पण त्या हसून म्हणाल्या, "सरकते की! कनकदास नावाच्या भक्तालाही इथं असंच मागे हटवलं होतं. तो देवळामागे जाऊन गात बसला, तर देवानं पुढच्यांकडे पाठ फिरवून त्याच्याकडे तोंड केलं. ही खिडकी त्याचीच. मला दर्शन होईल हो, तुम्ही मात्र पाठ बघून घ्या."

रांग खो खो हसली. चेअरमन चपापले आणि निमूटपणे सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.

काकू खिडकीशी पोचल्या. समोर कृष्ण! त्यांचा जीव भांड्यात पडला. हात जोडून त्या हळूच पुटपुटल्या, "देवा, आज तेवढा वळू नकोस. मागे चेअरमन उभे आहेत."