न झिजणारी राणी

एका राज्यात कागदाच्या नोटा चालत आणि त्या नोटांवर राणी कुमुदिनीचा चेहरा असे. भाजी घेताना, देवापुढे दक्षिणा ठेवताना लोकांचा अंगठा तिच्या गालावरून फिरे. जुन्या लुगड्या-धोतरांच्या चिंध्या कुटून राज्यातले कागदी कारागीर नोटांचा कागद करीत. हातोहाती फिरून नोट मऊ पडली, चेहरा पुसट झाला, की ती परत लगद्याच्या हौदात जाई आणि नवी होऊन येई. त्यात कुणाला काही वाईट वाटत नसे.

मग राणी तापानं वारली. राजा भद्रसेन वेड्यासारखा झाला. एकदा खजिन्यात एक जुनी नोट त्याच्या हाती आली. तिच्यावर राणीचं नाक नव्हतं, ओठ नव्हते, नुसता कपाळाचा पांढुरका डाग उरला होता. राजानं हंबरडा फोडला. "माझ्या राणीला पुन्हा मारता काय रे!" त्यानं दवंडी पिटवली, न झिजणारी नोट जो करून देईल त्याला मागेल ते मिळेल.

अंजनकेतू नावाचा जादूगार आला. जमिनीच्या पोटातलं काळं तेल आटवून त्यानं एक चकचकीत पापुद्रा काढला. त्याचं नाव प्लास्टिक. तो भिजेना, फाटेना, कुजेना. त्यावर राणी अशी उमटली की आता पापणी लववील.

"मोल काय?" राजानं विचारलं.

"मोल नाही, अट आहे महाराज. ही नोट झिजणार नाही, तसं ती हाताळणाऱ्याचं दुःखही झिजणार नाही."

"माझं दुःख झिजावं असं वाटतंय कुणाला?" राजा म्हणाला आणि त्यानं मुद्रा उमटवली.

झालं! कागद्यांचे हौद कोरडे पडले. नवी नोट बायकांच्या पदराच्या गाठीत राहीना. घडी घातली की टुणकन उलगडे आणि सुळकन निसटून जाई. चुलीजवळ ठेवली तर आक्रसून बोटभर होई. गाई त्या नोटा खाऊन पोट फुगून मरू लागल्या. पण हे सगळं लोकांनी सोसलं असतं हो! सोसवेना ते दुसरंच. जिचा लेक कैक वर्षांपूर्वी बुडाला होता ती म्हातारी सकाळी उठून आजच बुडाल्यासारखी नदीकडे धावे. बाजारात नोटा मोजता मोजता माणसं ढसाढसा रडत.

आणि राजा? राजानं नोटांची रासच उशाशी ठेवली होती. त्याची अन्नावरची वासना उडाली, डोळ्याला डोळा लागेना. वैद्यांनी हात टेकले. राजकन्या पद्मरेखा वाटी घेऊन जवळ बसे. "बाबा, दोन घास खा." राजा म्हणे, "बाळ, तुझी आई आत्ताच गेली गं. आत्ता कसा जेवू?" असं तो रोज म्हणे. आई तर गेलीच, आता बापही चालला, या विचारानं पोरीचं काळीज फाटून जाई.

खिडकीत एक साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "राजकन्ये, रडून बाप उठायचा नाही. नोट मरेल तर शाप मरेल. अग्नीकडे जा, पाण्याकडे जा, मातीकडे जा."

पद्मरेखा एक नोट घेऊन निघाली. डोंगरात अग्नी राहत होता. त्यानं नोट तोंडात घेतली आणि खोकत थुंकली. "कागदाची राख करून द्यायचो मी. ही बया जळत नाही, वितळून माझाच गळा धरते. ने हिला."

ती नदीकडे गेली. बंधाऱ्यापाशी नोटांचा गच्च थर साचला होता आणि त्याखाली पाणी कण्हत होतं. "माझी मासोळी हेच गिळून मेली, मुली. आणखी नको."

मग तिनं रानात जाऊन हातानं खड्डा खणला. माती म्हणाली, "माझ्या पोटात राजे विरले, राजांचे हत्ती विरले. ही विरत नाही. जिनं जन्मच घेतला नाही तिला मी कुठलं मरण देऊ? ज्यानं केली त्याला विचार."

पाय रक्ताळले तरी पोर चालत राहिली आणि अंजनकेतूच्या गुहेशी पोचली. त्यानं तिच्या हातातल्या नोटेकडे पाहिलं आणि चटकन मान फिरवली. "ती लांब धर. माझीही आई गेलीय. मी ती नोट कधी शिवत नाही."

"शाप मोडा."

"मोडतो. पण तो राजाच्या आठवणीवर उभा आहे. तेवढ्याच तोलाची आठवण कुणी आपखुषीनं टाकली तर पडेल. तुझ्याजवळ आईचा चेहरा आहे. तो दे."

"पुन्हा मिळेल?"

"नाही."

"चित्रात तरी पाहीन ना?"

"पाहशील. ओळखणार नाहीस."

पद्मरेखा खाली बसली. डोळे मिटून आईला पाहत राहिली. तेल लावताना जीभ दातांत धरणारी आई, खोटंखोटं रागावताना नाकपुड्या फुगवणारी आई. कितीही पाहिलं तरी पोट भरेना. "आई, बाबांना वाचवायचंय गं," ती म्हणाली आणि खूप रडली. मग उठून म्हणाली, "घ्या."

जादूगारानं तिच्या कपाळावरून हात फिरवला. त्याच क्षणी राज्यातली एकूण एक नोट पिवळी पडली, चुरली आणि मातीत मिसळली. बंधारा मोकळा झाला. नदीकाठची म्हातारी वळून घरी आली आणि तिनं चूल पेटवली. कागद्यांच्या आळीत पुन्हा चिंध्या कुटल्या जाऊ लागल्या. राजा कूस बदलून गाढ झोपला, आणि उठल्यावर म्हणाला, "भूक लागलीय."

पद्मरेखा घरी परतली तेव्हा तो आपल्या पायांनी वेशीपर्यंत सामोरा आला. लेकीला पोटाशी धरून रडला. ते रडणं पुरतं रडून झालं आणि थांबलं.

हिवाळा सरता सरता बापलेक एका ताटात जेवत होते. राजानं कसलीशी गंमत सांगितली आणि पद्मरेखा खुदकन हसली. राजा कौतुकानं म्हणाला, "अगदी आईवर गेलीस."

तिचा घास हातातच राहिला. "बाबा, आई हसायची कशी? सांगा ना."

राजानं तोंड उघडलं. थोडा वेळ आठवून पाहिलं. मग ओशाळून हसला.

"नीटसं आठवत नाही गं आता," तो म्हणाला, आणि त्यानं तिच्या भातावर तूप वाढलं.

ती जेवली. तिनं बापालाही पोटभर वाढलं. पुढं त्या राज्यात सगळं सुखानं चाललं. तसं तुमच्याही घरी चालो.